पडद्याच्या पलीकडे : फोन म्हणतो ‘ग्यानेश्वर’



गेल्या दिवाळीत या सदरात पासवर्ड आणि ओटीपीबद्दल लिहिलं होतं. पुढे संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ देता देता एका काकांनी मला गाठलं आणि म्हणाले, "लेख चांगला होता हो, पण हे सगळं आमच्या वयाला काही जमत नाही." हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलं आहे, की यंदा त्याच्यावरच लिहायचं ठरवलं.

काकांचं वाक्य जरा उलटवून बघा. वयाला जमत नाही, की त्या वस्तूलाच माणसाशी जमवून घेता येत नाही? घरातला जिना चढताना त्रास व्हायला लागला, तर गुडघ्यांच्या नावाने आपण बोटं मोडतोच, पण "पायऱ्या फार उंच आहेत" असंही म्हणतो आणि कठडा बसवून घेतो. फोनच्या बाबतीत मात्र दोष कायम माणसाचा. अक्षर दिसलं नाही तर डोळे अधू, बटण चुकलं तर बोटं जाड, वेळ संपली तर आपण मंद! ते अक्षर तेवढं बारीक कोणी ठेवलं, बटण तेवढंसं कोणी केलं आणि वेळ तेवढीच कोणी दिली, हे विचारायचं आपल्याला सुचतच नाही.

हे प्रश्न विचारणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. ॲप किंवा वेबसाइट लोकांच्या हातात जाण्याआधी ती न दिसणाऱ्याला, ऐकू न येणाऱ्याला, हात थरथरणाऱ्याला किंवा लक्षात न राहणाऱ्याला वापरता येते का, हे आमची टीम तपासते. इंग्रजीत याला ॲक्सेसिबिलिटी म्हणतात. भारतात २०१५ साली सुगम्य भारत अभियान सुरू झालं, तेव्हापासून ‘सुगम्यता’ हा शब्दही कानावर पडू लागला आहे. माझ्या लेखी त्याचा अर्थ एवढाच : जे काम बाकीचे स्वतःच्या हाताने करतात, ते यालाही स्वतःच्या हाताने करता यावं.

काचेवर बोट फिरवताना

ज्याला अजिबात दिसत नाही तो माणूस गुळगुळीत काचेचा फोन वापरतो तरी कसा, असं मला नेहमी विचारलं जातं. फोनमध्येच पडदा वाचून दाखवणारा एक कार्यक्रम असतो, स्क्रीन रीडर. ॲपलने २००९ साली आयफोन ३जीएसमध्ये व्हॉइसओव्हर दिलं आणि अँड्रॉइडवर टॉकबॅकही त्याच सुमारास आलं. बोट काचेवर फिरवलं की बोटाखाली जे असेल ते फोन बोलतो. हवं ते सापडलं की दोनदा टिचकी मारायची. माझा एक अंध सहकारी हे इतक्या वेगाने ऐकतो, की मला तो आवाज जात्यात खडे पडल्यासारखा लागतो. तो मात्र त्या आवाजात अख्खं ईमेल वाचून मोकळा होतो.

संगणकासाठी असे कार्यक्रम पूर्वी फार महाग असत. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जेम्स टेह हा त्याचा मित्र त्याला येऊन मिळाला, तोही अंधच. आज जगभर तो वापरला जातो आणि त्यात मराठीही बोलते.

पण स्क्रीन रीडर काही मनकवडा नाही. बटणावर पिशवीचं चित्र असेल, तर त्या चित्राचं नाव ॲप लिहिणाऱ्याने आत नोंदवून ठेवावं लागतं : ‘खरेदीची पिशवी’. एका ओळीचं काम. ते केलं नसेल तर फोन नुसता म्हणतो, "अनलेबल्ड, बटण." पुढचं बटण, "अनलेबल्ड, बटण." दरवाज्यांवर पाट्या नसलेल्या सरकारी कचेरीत शिरल्यावर जसं होतं, तसं.

हे क्वचित होत असेल असं वाटत असेल, तर एक आकडा सांगते. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या विद्यापीठाशी संबंधित वेबएम ही संस्था दरवर्षी जगातल्या पहिल्या दहा लाख वेबसाइटांची मुखपृष्ठं यंत्राने तपासते. २०२५ च्या पाहणीत सुमारे ९५ टक्के मुखपृष्ठांवर सुगम्यतेचा निदान एक तरी दोष सापडला. सगळ्यात जास्त आढळलेला दोष कोणता? पांढऱ्यावर फिक्या करड्या रंगाची अक्षरं! म्हणजे "मला अलीकडे नीट दिसत नाही" म्हणणाऱ्या आपल्यातल्या पुष्कळांचे डोळे आहेत तसेच आहेत, फिकी पडली आहे ती शाई.

सासूबाई आणि त्यांचा विद्यार्थी

माझ्या सासूबाई भुसावळला असतात. रेल्वेच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं मराठी शिकवलं. चार वर्षांपूर्वी मॅक्युलर डिजनरेशनमुळे त्यांच्या दृष्टीचा मधला भाग गेला, कडेचं तेवढं दिसतं. त्या सांगतात, "मला आता सगळ्यांचे कान दिसतात, नाकं दिसत नाहीत." पुस्तक गेलं, पेपर गेला. माझ्या नवऱ्याने सुट्टीत जाऊन फोनवर टॉकबॅक सुरू करून दिलं आणि आठवडाभर शेजारी बसून सराव करून घेतला.

फोनवर आवाज होता हिंदी. दुकानदाराने लावून दिलेला, कोणी बदललाच नव्हता. समोर देवनागरी दिसली की तो हिंदीसारखं वाचायचा. ज्ञानेश्वरांना ‘ग्यानेश्वर’ म्हणायचा, पंचवीस तारखेला ‘पच्चीस’. आई खवळल्या. शेजारच्यांना बाहेर आवाज जायचा, "अरे, ज्ञा म्हण, ज्ञा! द, न आणि य!" शेजारच्या वहिनींना वाटलं, म्हातारीने पुन्हा शिकवणी सुरू केली.

हसण्यावारी नेलं तरी यात मोठी गोष्ट दडलेली आहे. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च आपण वेगवेगळा उच्चारतो. लिपीत तो फरक दिसत नाही, आपल्याला तो आईच्या दुधाबरोबर मिळतो. यंत्राला तो कोणीतरी शिकवावा लागतो. अँड्रॉइडवर आता मराठी आवाज मिळतो, सेटिंग्जमध्ये जाऊन तो निवडायचा, एवढंच. तसंच प्रत्येक वेबपानाच्या आत "हे पान मराठी आहे" अशी एक छोटी खूण ठेवायची सोय आहे. ती ठेवली तर स्क्रीन रीडरला कोणता आवाज काढायचा ते कळतं. बऱ्याच मराठी साइटांवर ती खूण नसते, किंवा साचा उचलून आणलेला असल्यामुळे तिथे इंग्रजीची खूण तशीच राहिलेली असते. २००८ साली स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल लिपीतलं मराठी पाक्षिक सुरू केलं. त्याचं नाव आमच्या आईंच्या फोनने ‘स्पर्शग्यान’ असं वाचलं असतं. मराठी आवाज लावल्यावर आईंचा विद्यार्थी पुष्कळ सुधारला. अधूनमधून अडखळतो, पण "आता सहामाहीत पास होईल" असा शेरा मिळाला आहे.

पिन कोणाला सांगायचा?

बँकेचं मात्र हसण्यावारी नेता येईना. आईंचं पेन्शन ज्या बँकेत जमा होतं, तिच्या ॲपमध्ये पिन टाकायचे आकडे दर वेळी जागा बदलतात. चोराला कळू नये म्हणून! त्या आकड्यांना आतून नावं नव्हती. बोट फिरवलं की "बटण, बटण, बटण". ओटीपी यायचा, तो ऐकून मागच्या पडद्यावर परत येईपर्यंत वेळ संपायची. तीन वेळा चुकलं की खातं दिवसभर बंद.

मग जे घडायचं तेच घडलं. शेजारचा मुलगा फार गुणी आहे, कॉलेजला जाण्याआधी येऊन बिल भरून द्यायचा. त्यासाठी आईंनी त्याला पिन सांगून टाकला. चोरापासून वाचवायला केलेली युक्ती, आणि तिच्यामुळेच पिन घराबाहेर गेला.

मुलगा चांगला आहे म्हणून पैसे सुखरूप आहेत. पण फोनवर आई मला म्हणाल्या, "अगं, पैशाचं काही नाही. पण मी कोणाला किती दिले, कुठल्या देवळात किती दिले, हे आता त्याला माहीत असतं. नातीच्या वाढदिवसाला पाठवलेले सुद्धा त्यालाच विचारून पाठवले." ज्या बाईने तीस वर्षं स्वतःचा पगार स्वतः आणला, तिला आपले शंभर रुपये खर्च करायला साक्षीदार लागतो. आम्ही बँकेला दोनदा लिहिलं. उत्तर आलं, "आपण शाखेत येऊन व्यवहार करू शकता." शाखा घरापासून चार किलोमीटरवर आहे आणि वाटेत रेल्वेचा पूल आहे.

तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी असा शेजारचा मुलगा, असा भाचा किंवा अशी कामवाली ताई आहे, जिच्याकडे आई-बाबांचा पिन आहे? इथून आपण रोज व्हिडिओ कॉल करतो, पण हे आपल्याला कोणी सांगत नाही. सांगायची लाज वाटते.

कायदा काय म्हणतो

इथे अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा, म्हणजे एडीए, २६ जुलै १९९० रोजी झाला. दुकानांच्या दारात उतरण आली, लिफ्टमध्ये ब्रेलची अक्षरं आली. तेव्हा वेबसाइट ही वस्तूच नव्हती, त्यामुळे कायद्यात तिचं नाव नाही. कॅलिफोर्नियातल्या एका अंध ग्राहकाला डॉमिनोजच्या साइटवरून आणि ॲपवरून पिझ्झा मागवता येईना, म्हणून तो २०१६ साली कोर्टात गेला. "हा कायदा तुमच्या साइटला आणि ॲपलाही लागू आहे," असं अपील कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं आणि त्याविरुद्धचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेतला नाही. युरोपमध्ये २८ जून २०२५ पासून नवा कायदा लागू झाला आहे. तिथे बँका, ई-पुस्तकं, ऑनलाइन दुकानं या सगळ्यांना सुगम्यता आता बंधनकारक आहे.

भारतात २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे. पण आपल्या आई-वडिलांच्या दृष्टीने त्याहून थेट गोष्ट घडली ती ३० एप्रिल २०२५ रोजी. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्या व्यक्तींना बँकेची ऑनलाइन ओळखपडताळणी करता येत नव्हती. कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून उघडा, म्हणजे तुम्ही जिवंत आहात हे कळेल, असा आग्रह! ज्यांना पापण्या मिटताच येत नाहीत त्यांनी काय करायचं? एका अंध व्यक्तीचीही अशीच तक्रार होती. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आणि ही पडताळणी सर्वांना करता यावी म्हणून वीस निर्देश दिले. त्यात पापण्यांखेरीज दुसऱ्या मार्गांनीही जिवंतपणा सिद्ध करता आला पाहिजे, हे आलं.

म्हणून बँकेला तिसरं पत्र लिहिताना आम्ही विनंती केली नाही. या निकालाचा हवाला दिला आणि नेमकं काय अडतं ते क्रमाने लिहिलं : कोणता पडदा, कोणतं बटण, किती सेकंद. दोन महिन्यांनी ॲपची नवी आवृत्ती आली. आता आकडे बोलतात. ओटीपीची वेळ मात्र अजून तेवढीच आहे, चौथं पत्र गेलं आहे.

खरी अडचण कुठे आहे

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझे सहकारी रागावतील. सगळ्यांना जमेल असं काही बनवणं खरोखर अवघड असतं. बँकेला चोर अडवायचा असतो आणि म्हाताऱ्या माणसाला आत घ्यायचं असतं, दोन्ही एकाच दारातून. अक्षर मोठं केलं की एकाला बरं वाटतं, पण ज्याचं नजरेचं क्षेत्र अरुंद झालं आहे त्याला अर्धा शब्दच दिसतो. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार लागतात. रोमन अक्षरांच्या मापाने ओळी आखल्या, की ‘कृपया’चा पाय कापला जातो.

यावर वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने १९९९ पासून मार्गदर्शक नियम केले आहेत, अगदी अलीकडची आवृत्ती २०२३ ची. ते बरेचसे साध्या शहाणपणाचे आहेत. अक्षर आणि मागचा रंग यांच्यात निदान साडेचार पट उजेडाचा फरक हवा. बटणं फार चिमुकली आणि एकमेकांना चिकटलेली नकोत. वेळेची मर्यादा असेल तर ती वाढवून मागता यावी. आणि आत शिरण्यासाठी कोडं सोडवायला किंवा पाठांतर करायला लावू नये, ओटीपी चिकटवता आला पाहिजे.

या सगळ्यातून मी शिकले ती एकच गोष्ट म्हणजे एका कामाला दोन वाटा ठेवाव्यात. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचं बघा. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं तेव्हा बोटाचा ठसा किंवा डोळ्याचं बुबुळ चालायचं. आयुष्यभर राबलेल्या बोटांवरचे ठसे पुसट होतात. २०२१ मध्ये चेहऱ्याचीही सोय झाली. ठसा उमटला नाही तर चेहरा, चेहरा जमला नाही तर बँकेत जाऊन कागद. एक दार अडलं तरी दुसरं उघडं.

आणि एकासाठी केलेली वाट पुढे सगळ्यांच्याच पायाखाली येते. बॉस्टनच्या सार्वजनिक टीव्हीने १९७२ मध्ये ज्युलिया चाइल्डच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमाखाली ओळी छापल्या त्या बहिऱ्या प्रेक्षकांसाठी. आज आपली इथे वाढलेली मुलं खालच्या ओळी वाचत वाचत मराठी सिनेमे बघतात आणि आजीने सांगितलेला शब्द त्यांना तिथे सापडतो.

आपल्या अंगणात

आता आपल्या मंडळाकडे वळू. गणपतीचं आमंत्रण व्हॉट्सॲपवर येतं ते सुंदर चित्र असतं. मोदक, जास्वंद, आणि तारीख, वेळ, पत्ता सगळं त्या चित्रात. आईंसारख्या माणसाचा फोन त्यावर म्हणतो, "इमेज." झालं आमंत्रण! चित्राखाली तारीख आणि पत्ता दोन ओळींत टाइप केला, की काम झालं.

दिवाळी अंकाचंही तसंच आहे. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून तिच्यात देवनागरी आहे, पण छपाईची जुनी सवय सुटत नाही. जुन्या फाँटमध्ये पानावर ‘क’ दिसतो, आत साठवलेलं असतं ते भलतंच इंग्रजी अक्षर. डोळ्यांना मराठी, यंत्राला निव्वळ बाराखडीचा काला. तपासायची सोपी रीत अशी : पीडीएफमधली एक ओळ कॉपी करा आणि ईमेलमध्ये चिकटवा. मराठी आली तर ठीक. रोमन अक्षरांचा कचरा आला, तर स्क्रीन रीडरलाही तेच वाचावं लागणार आहे. युनिकोडमध्ये केलेल्या पीडीएफमध्येही जोडाक्षरं कधीकधी मोडतात, म्हणून अंकाबरोबर साध्या मजकुराची एक प्रतही असावी, अशी माझी संपादक मंडळाला सूचना आहे. इंग्रजीसाठी हे काम मोठ्या कंपन्या करतात. मराठीसाठी ते मराठी टाइप करणाऱ्यालाच करावं लागेल, दुसरं कोण करणार?

या दिवाळीत भारतात फोन कराल तेव्हा फराळाची चौकशी झाली की एक विचारा : "आई, बाबा, फोनवर असं कोणतं काम आहे जे तुम्हाला दुसऱ्याकडून करून घ्यावं लागतं?" पहिलं उत्तर येईल, "छे, काही नाही." पुन्हा विचारा. मग सुट्टीत गेलात की अक्षर मोठं करून द्या, आवाज मराठी करून द्या, आणि जे ॲप तरीही अडवतं त्याच्या कंपनीला पडदा, बटण आणि सेकंदांसकट पत्र लिहा. पत्र इंग्रजीत लिहायला आपण इथे सगळे सरावलेले आहोतच.

हा लेख साध्या मजकुरात मंडळाच्या चिटणिसांकडे दिलेला आहे. ज्यांना तो आई-वडिलांच्या फोनवरून ऐकवायचा असेल त्यांनी मागून घ्यावा. आईंनी ऐकला. "जोडाक्षरं नीट आली आहेत," एवढंच म्हणाल्या.

तुम्हा सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!